यादीखालचं नाव

१२ नोव्हेंबर १९४६
…आणि त्या दिवशी भाकरी करपली! शेगडीवर दूध, तव्यात भाकरी, ह्यांची शाळेची टोपी अजून दोरीवर ओली. हे बाहेरच्या खोलीत ग्रामोफोनवर तबकडी लावून ओरडले, "सांग, कोण गातंय?"

"हिराबाई!" मी आतून.

"बरोबर! कान तुझे, पेटी माझी."

दूधही उतू गेलं. हे हसत होते.

चार वर्षं झाली ह्यांना जाऊन. आज आठवलं, कारण आप्पासाहेबांचा निरोप आला. ते संगमनेरच्या आमच्या वाचनालयाचे चिटणीस. वाचनालयाला कुणी ग्रामोफोन देणगी दिलाय. गाणाऱ्या बायकांच्या कोणत्या तबकड्या मागवाव्या, मास्तरांची काही यादी आहे का?

ह्यांची नाही. पण माझी होऊ शकते.

१४ नोव्हेंबर
लिहिली. शाळेत मी कधी गेले नाही. तबकड्यांच्या सूचीपत्रावर अक्षरं जुळवत वाचायला शिकले, म्हणून ही नावं तरी चुकायची नाहीत.

हिराबाई बडोदेकर: सकाळी लावा. आवाज सुरावर अलगद टेकतो.
केसरबाई केरकर: हातातलं काम ठेवून ऐका. काम करता करता नाहीच ऐकता येत!
जोहराबाई आग्रेवाली: खरखर फार. असू दे. आवाज इतका दणकट की हे पहिल्यांदा म्हणाले, "कुणी बुवा दिसतात."
गौहरजान: सुई लवकर उचलू नका. गाणं संपल्यावर बाई स्वतःचं नाव सांगते, तेही इंग्रजीत.

घरात ह्यांचा एक जुना लिफाफा होता, नाव छापलेला. त्यात घातली. भांड्यांच्या झुंबरबाईच्या हाती पाठवली. म्हणाली, "बाई, गानाऱ्या बायांची नावं लिवायला कवा शिकल्या तुमी?"

"तू भांडी आपटायला शिकलीस तेव्हा," म्हटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
वाचनालयात सभा. आम्ही बायका मागे. आप्पासाहेबांनी यादी मोठ्यानं वाचली. 'बुवा दिसतात'वर सगळे हसले. टाळ्या! मग ते म्हणाले, "काय कान होता माधवमास्तरांचा! यादी त्यांच्या नावानं फळ्यावर लावू."

लिफाफ्यावरचं नाव पाहिलं त्यांनी. आतलं अक्षर कुणाचं, कुणाला माहीत!

मी बायकांबरोबर उठून निघाले. घरी येईपर्यंत बरंच वाटत होतं. चार वर्षांनी ह्यांचं नाव टाळ्यांत ऐकलं. कुलूप काढलं नि एकदम रडू आलं.

१८ नोव्हेंबर
झुंबरबाई: "मंग तोंडात काय मिठाची गुळनी धरली हुती?"

२० नोव्हेंबर
गौहरजान लावली. शेवटी सांगतेच नाव, ठणकावून. ह्यांनी मला समजावलं होतं, तबकडी घडवणारे परदेशात. आवाज कुणाचा ते त्यांना कळावं, म्हणून सांगायचं.

नाही सांगितलं तर कसं कळणार?

२४ नोव्हेंबर, रविवार
घरच्या तबकड्या पिशवीत घालून गेले. सगळ्यांसमोर म्हटलं, "आप्पासाहेब, ती यादी माझी आहे."

ते समजुतीनं हसले. "वहिनी, मास्तरांबरोबर राहून तुम्हालाही गोडी लागली असेल, पण—"

"मी भिंतीकडे तोंड करून बसते. तुम्ही लावा."

बसले. मागे कुजबुज. सुई टेकली. खरखर, मग पहिला आलाप.

"केसरबाई."

दुसरी. "हिराबाई."

तिसरी सुरू झाली तसं मागून कुणीतरी पुटपुटलं, "हा तर पुरुष!"

"जोहराबाई," म्हटलं. "आमचे हेही असेच फसले होते!"

हशा झाला, पण माझ्यावर नव्हता. मान वळवली तर आप्पासाहेब उभे. हात जोडलेले. "चूक झाली वहिनी. फळ्यावरचं नाव आत्ता बदलतो. काय लिहू? मास्तरीणबाई?"

तोंड उघडलं, पण नाव ओठांवर येईना. ह्यांच्यानंतर मला नावानं हाक मारलीय कुणी? वहिनी, बाई, मास्तरीण.

"उद्या येऊन लिहिते," म्हटलं.

घरी येताना पावलं इतकी हलकी! कान माझे होते हो, तुम्ही म्हणायचात तेच.

२५ नोव्हेंबर
सकाळी वाचनालयात गेले. खडू घेतला. फळ्यावरच्या यादीखाली लिहिलं: दमयंती.