पहिली फोड चिंगीची

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. भावोजींनी शेताच्या बांधावरचा लाल भोपळा सकाळीच आणून दिला, अख्खा. तो स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवलाय आणि त्याला टेकून तुमची चिंगी बसलीय. मला एवढंच विचारायचंय, मांजराला भोपळा चालतो ना हो? तिचं खाणंपिणं सगळं तुम्हीच बघायचात. आता विचारू कुणाला? म्हणून कागद घेऊन बसले.

सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, नेटवर लिहिलंय, चालतो. साधा उकडून, थोडासा." लिहिलं असेल. पण मागे जे झालं त्यानंतर तिच्यापुढे घास ठेवताना मी दहादा विचार करते.

आठवतं का? सोमवारी आपल्याकडे मासळी नाही. मग "आज चिंगीचा पन सोमवार हाय," असं म्हणत तुम्ही भाजीला फोडणी पडायच्या आधीच भोपळ्याची एक फोड उचलायचात. उकडून, कुस्करून तिच्या भातात कालवायचात. मी म्हणायचे, "मांजराला कुणी भोपळा घालतं का? वेड लागलंय तुम्हाला!" चिंगी मात्र ताटली चाटूनपुसून लख्ख करायची आणि वर माझ्याकडे बघायची.

आणि मासळीच्या दिवशी? माझं कालवण नळाखाली धुवायचात! कांदा वेचून टाकायचा, तुकडा खळखळून धुवायचा, मग तिला द्यायचा. किती संताप यायचा मला! बाजारात कोळणीशी घासाघीस करून बोंबील आणायचे, मसाला वाटायचा, आणि हा माणूस ते सगळं मोरीत सोडणार. "एवढं वाईट करते का मी?" असं विचारलं की हसून म्हणायचात, "तुला नाय कळायचं."

नाय कळायचं म्हणे! मग सांगायचं होतं ना. अख्ख्या संसारात एवढं एक वाक्य जड झालं का तुम्हाला?

आणि मग तुम्ही गेलात. चहा अर्धा ठेवून उठलात, छातीवर हात धरलात, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सांगायला वेळ तरी कुठे मिळाला, तेही खरंच.

सुतकात चिंगी तुमच्या खुर्चीखालून हलली नाही. शेजारच्यांनी आणलेला वरणभात तिने हुंगलासुद्धा नाही. नुसती हाडं राहिली होती. तेरावं झाल्यावर मी खास तिच्यासाठी कांदा-सुकट केली. सुकट म्हटली की तेवढा कांदा आलाच. वासाने बाईसाहेब उठून आल्या, पोटभर जेवल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग काय, रोज तेच. तुम्ही गेल्यापासून घरात कुणीतरी माझ्या हातचं मन लावून जेवत होतं.

आणि एका सकाळी ती उठलीच नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, पायांत जोर नाही. पिशवीत घालून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी विचारलं, "कांदा दिला होता का?" मी म्हटलं, "सुकटीतला. त्यात काय झालं?" ते म्हणाले, "मावशी, कांदा-लसूण म्हणजे मांजराला विष. त्यांचं रक्त नासतं." तुमच्या मागे या घरात उरलेला हा एवढासा जीव, आणि मी त्याला लाडाने विष भरवत होते!

धुवून दिलं तर चालतं का, हेही विचारलं. नाही म्हणाले, रस आत मुरलेला असतो. म्हणजे तुमचंही अर्धंच बरोबर होतं, बरं का.

वाचली ती. पण पहिल्यासारखी नाही राहिली. चार घास खाते आणि झोपते. मीही तशीच. दोघी एकमेकींकडे बघत दिवस ढकलतो. कधीकधी वाटतं, पुरे झालं आता.

एक राग मात्र वर्षभर मनात धरून ठेवलाय, आज बोलतेच. दहाव्याला गाढी नदीच्या काठावर पिंड ठेवला. झाडावर एवढे कावळे, पण एक खाली उतरेना. महेशने हात जोडले, "बाबा, आईला मी सांभाळीन." नाही. भावोजी म्हणाले, "दादा, घराची कालजी करू नको, आमी हाव ना." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. आईला सांभाळीन म्हटल्यावरही तुम्ही आला नाहीत! मी काय कुणीच नव्हते तुमची? घरी येऊन किती रडले असेन.

आज भोपळ्याला टेकलेल्या या म्हातारीकडे बघता बघता लक्षात आलं. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची नावं घेतली, हिचं कुणीच घेतलं नाही. मला तोंड आहे, मी मागून खाईन. हिने कुणाला सांगावं? तुमचा जीव हिच्यातच अडकला होता ना?

अख्ख्या भोपळ्याला बाईने आधी विळी लावायची नाही, ही आपली रीत. पहिला घाव तुमचा असायचा. महेश खारघरहून संध्याकाळी येऊन चिरेन म्हणाला. पण ही सकाळपासून उपाशी आहे हो. तेव्हा हे पत्र संपलं की मीच चिरते. पहिली फोड चिंगीची. साधी उकडलेली. बाकीच्याला मग फोडणी.

उद्या गच्चीवर पान ठेवीन तेव्हा सगळ्यांदेखत मोठ्याने सांगणार आहे, कुणी हसलं तर हसू दे. चिंगीच्या ताटलीला कांदा लागू देणार नाही. आणि तिच्याआधी मी जाणार नाही.

ऐकलंत ना? मग उद्या या. या वेळी गवताचा कावळा नको.

तुमची,
सुमन