सायकल माझीच आहे, अक्का

कोलशेत, ठाणे
मंगळवार

आदरणीय कांताअक्कास,

धाकट्या महेंद्रचा सविनय जय भीम. तुझा गुडघा आता जिना मानतो का? दाजींचा खोकला गेला नसेल, तर औषध बदलण्याआधी गच्चीवरची विडी शोध. (फोनवर त्यांचा आवाज ऐकूनच मला ब्रँड कळतो.) इकडे शालन आणि अमृता मजेत. मीही मजेत, हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझा निरोप वाचून मला क्षणभर वाटलं, आपण गेलो की काय. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्र मधेच तोडता येत नाही.

तू विचारतेस, गाळा कधी विकलास, रस्त्यावर घमेलं उचलायची वेळ आली तरी बहिणीला सांगावंसं वाटलं नाही का. अक्का, वागळे इस्टेटमधला गाळा जागच्या जागी आहे, अकरा माणसं कामावर आहेत, आणि इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे डबे आजही बाहेर पडतायत. तुला आलेल्या त्या व्हिडिओतला पिवळ्या हेल्मेटवाला मात्र मीच. आता पहिल्यापासून ऐक.

कोलशेतहून गाळ्यावर गाडीने जायला सकाळी एक तास लागतो. त्या तासात एक सायकलवाला इडलीवाला माझ्या पुढे जायचा, इडल्या विकून परत यायचा, तरी मी त्याच सिग्नलला. डॉक्टर म्हणतात साखर वाढली. वाढणारच, बसून बसून दुसरं काय वाढणार? म्हणून ठरवलं, सायकल. शालन म्हणाली, "अमृताचं जमेपर्यंत थांबा हो. बाबुरावांच्या घरी काय वाटेल?" (बाबुरावांचा साकेत हे स्थळ तूच आणलंस, त्यामुळे शालनचा अर्धा राग तुझ्या नावे लिहून ठेव.) मी म्हटलं, पोरगी माझी बघतायत की गाडीचं मॉडेल?

दुकानात गेलेलो. तिथल्या पोराने एक सायकल दाखवली, एका बोटावर उचलून. किंमत ऐकली तेव्हा मलाच कोणीतरी उचलावं असं झालं. मग हातमोजे, चष्मा, आणि मागे गादी शिवलेली अर्धी चड्डी. (अक्का, गादी सीटला लावायची सोडून चड्डीला लावतात!) विचार करतो म्हणून वळलो, तर मागे तो दुसऱ्याला हळूच म्हणाला, "अंकल टाइमपास है." माझे कान तुला माहितीयेत. प्रेस मशीन बिघडणार हे मला आदल्या दिवशी ऐकू येतं. त्याच क्षणी ठरवलं, ह्या अंकलचं सगळं सामान अंकलच्या गाळ्यातच होणार.

भंगारवाल्याकडून सायकल घेतली, किलोच्या भावाने. बेअरिंग, चेन, ब्रेक नवे घातले, तिथे कंजूषी नाही. पॅनेलला मारतो तोच राखाडी रंग मारून सांगाडा भट्टीतून काढला. कॅरिअरवर नापास झालेला पॅनेलचा डबा बसवला, आत टिफिन आणि रेनकोट. त्यावरचं कवटीचं 'धोका' स्टिकर राहून गेलं, पण चोर हात लावत नाही. डोक्याला गाळ्यातलं पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट. आरशात पाहिलं, रुबाबदार वाटलो. शालनने उठून खिडकीचा पडदा ओढला, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी कोलशेतच्या वळणावर मासे विकणाऱ्या ठमाबाईने सायकल धरली. "ओ सायबा, यो खड्डा कवा बुजवाचा? माझी पाटी दोनदा परली!" मी म्हटलं, मावशी, महापालिकेचा साहेब तो मी नव्हे. तर म्हणाली, "समदे असंच सांगतान." तोवर रिक्षावाले जमले, एकाने माझा डबा ठोकून पाहिला, एकाने गटाराची तक्रारही दिली. पंधरा माणसं हेल्मेटकडे बघतायत, आणि माझ्या तोंडून गेलं, "उद्या." शब्द दिला की दिला. दुसऱ्या दिवशी गाळ्यातले दोघे आणि टेंपोभर खडी घेऊन मी खड्डा बुजवला. ठमाबाईने दोन बोंबील दिले, जबरदस्तीने. ते देणं कोणीतरी काढलेल्या त्या व्हिडिओत नाही. व्हिडिओत फक्त मी, घमेलं, आणि खाली ओळ: 'या वयातही पोटासाठी!'

तो व्हिडिओ शहाडला बाबुरावांच्या घरी पोचला आणि आठ दिवस झाले, बाबुराव गप्प. तू म्हणतेस, रविवारी त्यांच्याकडे गाडीने ये, कोट घाल, शूटिंग होतं म्हणून सांग. नाही सांगणार. गाळा उभा करताना मी पत्रे डोक्यावरून वाहिले, तेव्हा कोणी व्हिडिओ काढला नाही. आता एका घमेल्यासाठी खोटं बोलू? रविवारी मी सायकलनेच येतो. स्थळ मोडायचं असेल तर माझ्या तोंडावर मोडू दे, हेल्मेटसकट.

तुझा,
महेंद्र

ता. क. सायकल आणि मी कल्याणपर्यंत टेंपोतून येऊ. पुढे चालवत. हे बाबुरावांना सांगायची गरज नाही.

ता. क. २. वरचं रद्द. अमृताने पत्र वाचलं. म्हणाली, "बाबा, लग्न मला करायचंय, तर परीक्षा तुम्ही कशाला देताय?" रविवारी सायकलवर तीच येतेय, मी टेंपोत मागे. मी खूप अडवलं. शालन अडवेल म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर ती शिलाई मशीन काढून बसलेली, माझं जाकीट उसवून अमृताच्या मापाचं करत. "नीट बसलं पाहिजे," एवढंच म्हणाली.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. बाबुरावांच्या दारात सायकल लावायला जागा आहे का, तेवढं विचारून ठेव. नाही म्हणाले, तर आम्ही चहा तुझ्याकडेच घेऊ.