बंदूक चुकून सुटलेली नाही

पुणे, ११ डिसेंबर १९९८

सौ. हौसाबाई हीस अनेक आशीर्वाद.

मी येथे भाच्याकडे सुखरूप आहे. दाराला आतून कडी लावून निजतेस ना? हे पत्र नातीकडून दोनदा वाचून घ्यावे.

घरात शिरलेल्या ज्या चोराच्या पायात मी गोळी घातली, त्याने माझ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. फौजदारीतून सुटलो तरी हा दिवाणी दावा वेगळा चालतो. जमिनीवर जप्ती येऊ शकते, परंतु तू घोर लावून घेऊ नये.

मला वाचवण्यासाठी तू गावभर सांगितलेस, "बंदूक चुकून सुटली." वकील म्हणाले, "आजोबा, चुकून सुटली तर तो तुमचा निष्काळजीपणा. मग भरा भरपाई. बायकोचा जीव वाचवायला झाडली असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे."

तरी साक्षीत खरे तेच सांगावे. त्याने तुझ्यावर कोयता उगारला आणि मी नेम धरून त्याच्या गुडघ्याखाली गोळी घातली.

काल तो कुबडी घेऊन कोर्टात आला. मी बाकावर सरकून जागा दिली. म्हणाला, "थंडीत लई ठणकतंय, आबा." मला वाईट वाटले. मात्र तुझ्यावर पुन्हा कोणी कोयता उगारला, तर मी पुन्हा झाडीन. हेही न्यायाधीशांना सांगण्यास माझी हरकत नाही.

घरी सर्वांस यथायोग्य.

गेणू कोंडाजी