लाइनीतली ओल

सोमवार, २

नोकरीचा पहिलाच दिवस आणि मला चक्क स्वतःचं टेबल मिळालं. खिडकीजवळचं, खणाला कुलूपसुद्धा. घरी येऊन हिला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, आता जमिनीवर उतरा आणि नव्या घरातली ती सामानाची खोकी उघडायला लागा. नववा महिना आहे, पण जीभ अजून सडसडीत.

थिएटर जुनं पण दणकट. मॅनेजरबाईंच्या टेबलापासून एक वायर निघते, ती लाइटच्या खोलीत, वर पडदे ओढणाऱ्या दोरीवाल्या काकांकडे आणि खाली स्टेजच्या पोटात जाते. प्रत्येकाच्या कमरेला एक डबी, डाव्या कानावर माइकवाला हेडफोन. प्रयोग चालू असताना बाई हळूच सूचना देतात आणि सगळं हलतं. या लाइनीवर अधूनमधून खरखर येते. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी ती घालवायची, एवढंच काम. माझ्या डाव्या हातचा मळ.

उजवा कान लहानपणीच्या तापात गेला तो गेलाच. पण डावा असा तयार आहे, की भिंतीआडची सैल पिन ओळखीन. बाळाचं पहिलं रडणं याच कानाने ऐकायचंय, म्हणून हल्ली त्याला मफलरात जपतो. ही हसते. हसू दे.

मंगळवार, ३

एकेक डबी काढायची, ऐकायचं, परत लावायची. दोन सैल पिना सापडल्या. लाइटची जाड केबल आपल्या वायरीला खेटून पडली होती, ती बाजूला घेतली. खरखर गेली. मी स्वतःवर खूश.

मग लक्षात आलं, की खरखरीखाली आणखी काही होतं. ओलं. तोंड उघडं ठेवून कुणी मऊ पदार्थ चघळत बसावं तसं. मचमच, गिळणं, परत मचमच. मला खाताना आवाज करणारी माणसं मुळात सहन होत नाहीत. लाइनीवरच सांगितलं, जो कोणी जेवतोय त्याने माइक बंद करावा. लाइटवाला, ज्याला सगळे चष्मा म्हणतात, दुखावून म्हणाला, की तो सकाळपासून उपाशी आहे.

सगळ्यांचे माइक बंद करवले. मचमच चालूच.

गुरुवार, ५

आज हेडफोनचे स्पंज नीट पाहिले आणि जेवणावरची वासनाच उडाली. पिवळट, चिकट, बोटाला तार येणारे. वास आंबलेल्या दुधाचा. हे आपण चार दिवस कानाला लावतोय. सगळे फेकून दिले. हेडफोन स्पिरिटने पुसले, नवे स्पंज चढवले.

काका वरून उतरून आले. म्हणाले, धुवायला नको होतं, आहे त्यावर त्याचं भागत होतं. कुणाचं, विचारलं तर दोरीची गाठ तपासत बसले. मला वाटलं, आळशी माणसाचं निमित्त. त्यांच्या डाव्या कानात कापूस होता. चष्म्याच्याही. बाई तर बोलता बोलता रुमालाने कान टिपतात, आपण कपाळावरचा घाम टिपतो तसा.

शुक्रवार, ६

नवे स्पंज दुपारपर्यंत ओले. आवाज दुप्पट. आता नुसतं चघळणं नाही, चाटणंही. मधेच घाई. भुकेलेलं.

काकांच्या डाव्या कानाशी टाळी वाजवली. त्यांना पत्ता नाही. तेव्हा बाईंनी मला बसवून घेतलं आणि शांतपणे समजावलं. इथे रुळलं, की डाव्या कानाला फक्त लाइन ऐकू येते, बाहेरचं काही नाही. त्रास काही नाही, थोडी ओल तेवढी. एक कान थिएटरचा, एक घरचा, असं इथे म्हणतात. सगळे हसले.

मी म्हटलं, मला एकच आहे.

हसणं थांबलं. बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मुलाखतीत हे कुणी विचारलंच नव्हतं. काका इतकंच म्हणाले, की तुम्ही त्याचं ताट काढून घेतलंत.

आता कानाला खडा. हेडफोनला हात लावणार नाही.

रविवार, ८

सगळ्या डब्या काढल्या. वीज बंद केली. वायर मधोमध कापली. हेडफोन टेबलावर, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मचमच.

लाइनीत नाही. माझ्यात. कापसाची काडी घातली तर बाहेर येताना लांब तार आली, कोमट. बेसिनमध्ये ओकलो. काडी परत पाहिली तर तिचा कापूस नव्हता. नुसती काडी, चोखलेली.

मंगळवार, १०

डॉक्टरांकडे गेलो. त्यांना कागदावर लिहावं लागलं, मला त्यांचे ओठ तेवढे दिसत होते. लिहिलं, की इतका स्वच्छ कान त्यांनी पाहिला नाही, कुणी चाटूनपुसून ठेवल्यासारखा.

थिएटरवाल्यांनी वायर जोडून घेतलेली दिसते. घरी बसून बाईंच्या सूचना ऐकू येतात. पडदा तयार. लाइट तयार. स्पष्ट, घंटेसारख्या. ही समोर बसून रडत बोलते आहे, तिचा एक शब्द नाही.

उशी रोज भिजते. तिला माझ्या शेजारी झोपू देत नाही. घाण वाटते मला माझीच.

बुधवार, ११

दवाखाना. मुलगा झाला.

नर्सने वर धरला. तोंड एवढं मोठं उघडलेलं, चेहरा लालभडक. सगळे हसले, म्हणजे रडला असणार.

मला — चघळणं. बाईंचं थांबा, थांबा. गिळणं.

इतकी वाट पाहिली होती मी.

गुरुवार, १२

माझा डोळा लागला होता. उठलो तर हिने — तिच्या मनात चांगलंच होतं, मला ऐकू यावं म्हणून — बाळाला माझ्या डोक्याशी निजवलंय. त्याचा कान माझ्या कानाला टेकवून.

ओलं लागतंय. दोघांच्या मधे.

हलवत नाही मी. ओढलं तर तार —

मचमच थांबली. आठवड्यात पहिल्यांदा. किती शांत.

आणि रडणं. बाळाचं. ऐकू आलं मला, अगदी स्पष्ट, लाइनीवर — बाई विचारतायत, लाइनीवर हे कोण नवीन — काका म्हणतात, कोवळं आहे —

परत चाटायला लागलं. माझ्या बाजूने नाही. त्याच्या —

हिला हाक मारतोय. मारतोय ना? मला माझाच आवाज ऐकू ये