टेबल राखणारीचा सीझन पास

१२ एप्रिल, रविवार

स्कीच्या सीझन पासची सेल सुरू झाली. मंदार सकाळपासून लॅपटॉपपुढे. फॅमिली पास, दोन मोठे, दोन लहान. मला म्हणाला, "घेऊन टाकू. तुझा तर त्यात फुकटच पडतो."

फुकट. पोळ्या चालल्या होत्या. लाटणं खाली ठेवलं नाही, पण हात थांबला.

जरा विचार करू म्हटलं. "यात विचार काय करायचाय?" तेही खरंच. चार हिवाळे माझ्या नावाचा पास येतोय. तो जाकिटाच्या खिशात घालायचा आणि डोंगरावरच्या कॅफेत डब्यांपाशी टेबल राखत बसायचं. मागच्या वर्षी एकदाच लिफ्टने वर गेले, तेही वेदचा विसरलेला हातमोजा द्यायला.

१४ एप्रिल, मंगळवार

ऑफिसच्या किचनमध्ये पुन्हा कुणाच्या तरी झाडाच्या फिजोआंची पिशवी, ती हिरवी पेरूसारखी फळं. घ्या आणि संपवा. शेजारच्या डेस्कवरची जोआन तिथेच भेटली. पास घ्यावा का, या विचारात आहे. तू घेतेस का, म्हणाली. चार वर्षं घेतेय म्हटलं.

"फोर इयर्स! यू मस्ट बी हीप्स गुड."

हो, येतं चांगलं, म्हणाले. का म्हणाले देव जाणे. तिने लगेच बेत ठरवला: ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, एखाद्या मंगळवारी दोघींनी रजा टाकायची, गर्दी नसते. "स्वीट ॲज," मस्तच, म्हणाले मी इथल्यांसारखं. मग ट्रेनमध्ये घरापर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

१५ एप्रिल

कालचं डोक्यातून जात नाहीये.

पहिल्या वर्षी आम्ही चौघंच जायचो. मं. सारखा पडायचा आणि बर्फावर चिडायचा. मी दुसऱ्याच दिवशी खुर्चीच्या लिफ्टने वर गेले आणि स्कीवर एकटी खाली आले. खाली पोचल्या पोचल्या परत वर जायचं होतं. या देशात आल्यापासून इतकं आवडलेलं दुसरं काही नाही. हे कुणाला कधी सांगितलंही नाही.

पुढच्या वर्षी आमच्या ओळखीतले शीतल आणि प्रसाद यायला लागले, त्यांची मुलं घेऊन. मग डोंगराच्या पायथ्याशी, ओहाकुनेला, सगळ्यांत मिळून घर भाड्याने. एका शनिवारी वारा इतका की लिफ्टच बंद. सगळे कॅफेत काकडत बसलेले. मी घरून थर्मासमध्ये मुगाची खिचडी नेली होती, वर तूप. प्रसाद म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला." सगळ्यांनी वाहवा केली. मी फुलले. त्या कौतुकाने घात केला माझा. पुढच्या खेपेला छोले, मग इडल्या, मग थालीपीठं आणि दही. डबे आले की टेबल लागतं. टेबलावरून उठलं की दुसरे येऊन बसतात. म्हणून कुणीतरी बसून राहायचं. कुणीतरी म्हणजे कोण, हे कधी कुणी ठरवलं नाही. ठरवावं लागलंच नाही.

१८ एप्रिल, शनिवार

कम्युनिटी हॉलमध्ये जुन्या स्की-सामानाची विक्री. इराचे पाय पुन्हा वाढले, तिला बूट हवे होते. तिची मैत्रीण आणि मैत्रिणीची आई भेटल्या. ती बाई मला म्हणाली, तुम्हीही बूट बघताय का. मी तोंड उघडायच्या आत इरा म्हणाली,

"ओह नो, मम डझंट स्की. शी डझ द फूड."

वाईट काही नव्हतं मनात. आमची आई नर्स आहे, असं एखादीने सांगावं, तितकं साधं. तेरा वर्षांची आहे, जे दिसलं ते बोलली. म्हणूनच फार लागलं.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "व्हॉट?" काही नाही म्हटलं. मग तिला तिथेच सोडून परत आत गेले आणि माझ्या मापाचे बूट घेतले. घट्ट आहेत. असेच असतात म्हणे.

१९ एप्रिल

मं.ला गराजमध्ये बूट दिसले. "हे कुणाचे?" माझे. "भाड्याने मिळतात की."

मग बोललेच. पास घे माझा, पण मी यंदा टेबलावर बसणार नाही. डबेही नाहीत. मी स्की करणार, रोज, पहिल्या लिफ्टपासून.

"कर की. तुला कुणी बांधून ठेवलंय का?" आणि श्वासही न घेता, "मग जेवणाचं काय?"

कॅफेत मिळतं ते.

"चिप्स मिळतात. वेदला ॲसिडिटी होते."

वेद नऊ वर्षांचा आहे. ॲसिडिटी तुला होते.

यावर हसला. मला हसायचं नव्हतं. वाईट माणूस नाही मं. भांडी घासतो, मुलांना पोहायला नेतो, माझ्या परफॉर्मन्स रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी शेजारी बसून तयारी करून घेतो. पण चार वर्षांत एकदाही डोंगरावरून खाली येऊन म्हणाला नाही, आता तू जा, मी बसतो. एकदाही नाही. आज हे म्हटलं तर खरोखर चकित झाला. "तू कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, तू तरी कुठे बोललास, न बोलताच सुचलं ना तुला वर जायचं. मग हीट पंपाचा फिल्टर काढून धुवायला घेतला. चिडला की करतो.

२५ एप्रिल, शनिवार

ॲन्झॅक डे, सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी. दुपारी शीतलकडे जेवण आणि ओहाकुनेच्या घराच्या तारखा ठरवणं. ट्रेनमध्ये, आंघोळीत, वाक्य पाठ करून ठेवलं होतं. जेवणं झाल्यावर बोलले: या वर्षी मी स्कीइंग करणार आहे, डबे-टेबल माझ्याकडे नाही.

मग प्रसाद म्हणाला, "वहिनी, चांगला होता हं जोक." सगळे हसले. मं.सुद्धा.

मीही हसले. सगळ्यात जास्त राग माझ्या त्या हसण्याचा आला.

मागे किचनमध्ये शीतल ताटं खरवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला आमचा कंटाळा आला वाटतं." तसं नाही गं म्हटलं. तर म्हणते, "मला स्कीइंग येत नाही, शिकायचंही नाही. गुडघे आहेत का माझे तसे? तू असतेस म्हणून मी येते. आठवडाभर कामावर बोलायचं ते कामापुरतं. तिथे आपण दोघी बसतो, पोटभर बोलतो. तू वर गेलीस की मी काय करू त्या कॅफेत?"

खोटं नाही. त्या टेबलावर आम्ही काय काय बोललोय. तिच्या नोकरीचं, माझ्या सासूबाईंचं, परत जायचं की नाही त्याचं. त्या वेळी मला ते आवडलंही होतं. पण म्हणून मी आयुष्यभर खालीच बसायचं का? तिला एकटं वाटू नये म्हणून? हे बोलले नाही. ताटं डिशवॉशरमध्ये लावून दिली. तिची लावायची पद्धत वेगळी आहे, तिने ती काढून परत लावली.

२६ एप्रिल

ग्रुपवर प्रसादचा मेसेज: "यंदा मिसळ झालीच पाहिजे!" खाली अंगठेच अंगठे. त्यातला एक मं.चा.

विचारलं. "अगं सवयीने दाबला जातो."

माहितीये. सवयीनेच.

२८ एप्रिल, मंगळवार

जोआनने पुन्हा विषय काढला, घेतला का पास? आता लपवून काय करायचं. सांगून टाकलं की मला येत नाही. चार वर्षांपूर्वी थोडे दिवस केलं तेवढंच. मग पास कशाला घेतेस, म्हणाली. मी टेबल राखते.

"यू माइंड द टेबल? फॉर हूम?"

समजावून सांगायला गेले. डबे, मुलं, आपली मंडळी. इंग्रजीत ते सगळं इतकं खुळचट वाटलं की मध्येच थांबले. ती हसली नाही. "सो वी डू द बिगिनर्स स्लोप. नो ड्रामा." एवढंच, आणि स्क्रीनकडे वळली.

घरात दोन आठवडे भांडून जे मिळालं नाही, ते ओळखीच्या बाईने एका वाक्यात दिलं. टॉयलेटमध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही. इतकं सोपं होतं, म्हणून.

३ मे, रविवार

आज पाचला सेल संपते. दुपारी जेवणं झाल्यावर मं.ने डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला. गेला आठवडा आम्ही या विषयावर बोललो नाही. तो धरून चालला होता की मी निवळले.

या वर्षी पासवर नवे फोटो हवेत. चेहरा स्पष्ट, टोपी नको, गॉगल नको. स्वतःचा लावला, मुलांचे लावले. माझा शोधायला लागला. "डोंगरावरचाच टाकू, छान दिसेल." फोन चाळत राहिला. मी समोर कपड्यांच्या घड्या करत होते. बऱ्याच वेळाने इराला हाक मारली, आईचा फोटो आहे का तुझ्याकडे, बर्फातला?

इराने पाहिलं. खूप मागे गेली. "देअर्स वन विथ द कुकर." पुढे सरकवत, "अँड धिस वन, शीज होल्डिंग अ लिड." वेद हसला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "सॉरी, आई." सॉरी इंग्रजीत, आई मराठीत. बाकी काही नाही.

मं.ने झाकणवाला फोटो घेतला, कापून कापून चेहऱ्यापुरता केला आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "चालेल?" चेहरा खरंच छान आलाय. कुणीतरी खिचडीला छान म्हटलंय, तेव्हाचा असणार.

नको म्हटलं.

"मग दुसरा काढू आत्ता. अर्ध्या मिनिटाचं काम."

फोटोचं नाहीये, मंदार.

त्याने लॅपटॉपवरचा हात काढला. मुलं होती म्हणून आवाज खाली ठेवून म्हणाला, "मेघना, एकदा सरळ सांग. तू येणार आहेस की नाहीस?"

मी म्हटलं, मी तिथे तुला कशासाठी हवी आहे ते सांग, मग मी सांगते.

"हा काय प्रश्न झाला?"

हाच आहे प्रश्न.

मुलं आपापल्या खोल्यांत गेली. मी शेवटच्या चादरीची घडी घातली आणि इथे खिडकीशी येऊन लिहीत बसले. तो अजून तिथेच आहे, चौथं नाव अर्धवट भरलेलं. स्क्रीन दोनदा विझली, दोन्ही वेळा त्याने बोट लावून जागी केली. पाच वाजायला वेळ आहे. मला घाई नाही.