आधी बांगड्या काढ

आई, आज सुनेला लाकूड घासायचं मशीन शिकवलं. आता ते हातात मावतं, इस्त्रीसारखं फिरवायचं. "आधी बांगड्या काढ," म्हटलं, तर तिनं बोलता बोलता काढल्या आणि खिडकीत ठेवल्या. तिला काहीच वाटलं नाही. मी मात्र तिथंच बसून रडले, आणि मग तुला लिहायला घेतलं.

तुळजापुरात आपल्या गल्लीत वीज आली आणि अण्णांनी सोलापुराहून मोटार आणली. तिच्यावर लाकडी चाक, चाकाला चिकटवलेला काचकागद. अण्णा लाकूड कापणार, जोडणार. पाळणे, पाट, देव्हारे घासायचं काम तुझं. ते रोज बजावतात: पदर खोच, अंबाडा घट्ट बांध, नाकाला फडकं लाव, चाक पुरतं थांबल्याशिवाय कागदाला हात लावू नको. तू सगळं ऐकतेस. बांगड्यांचं तेवढं ऐकत नाहीस.

"उतरव त्या. मशीनला काय कळतंय सवाष्ण कोण ते?"

"तुमी समोर जित्तं बसलाव, अन् म्या हात मोकळं करू? असलं बोलू नगा."

भवानीच्या गावात दुसऱ्या कुठल्या बाईनं वेगळं उत्तर दिलं असतं? तू आपला तोडगा काढलास. बांगड्या वर सारल्यास आणि त्यांच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलीस. तुला वाटलं, दोन्ही साधलं.

त्या दुपारी चिंधीचं टोक सुटलं. चाकानं ते ओढलं आणि मागोमाग तुझा हात. अण्णांनी धावत जाऊन बटण बंद केलं, पण बटण बंद झालं म्हणून चाक लगेच थांबत नाही. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. बांगड्या शाबूत राहिल्या. दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत तू आधी त्याच चाचपून पाहिल्यास. त्याचा मला अजून राग येतो आई, लई राग येतो.

अण्णांनी मशीनवर पोतं टाकलं आणि पुन्हा हातानं घासायला लागले. पुढं ते तापानं गेले. बायका जमल्या, तुझ्या बांगड्या फोडल्या. ज्यांच्यापायी बोटं दिलीस, त्या दगडाच्या एका घावात गेल्या. सुतक फिटलं आणि तू ते पोतं ओढून काढलंस. पदर खोचलास, अंबाडा बांधलास, नाकाला फडकं लावलंस. मी आडवी आले.

"सर बाजूला. आता कशाचं भ्या? हात मोकळंच हायती."

उरलेल्या बोटांनी पाळणे घासून तू आम्हा भावंडांना मोठं केलंस. त्यानंतर तुला साधं खरचटलंसुद्धा नाही. हेच मला सोसत नाही. तुला मशीन सुखरूप चालवता यावं, म्हणून अण्णांना मरावं लागलं, असं काहीतरी मनात येतं आणि जेवण जात नाही.

हा कागद कुठं धाडणार? तुला तर वाचताही येत नव्हतं. सुनेला शहाणपण शिकवलं, पण तुला खरं सांगते. मशीनला हात लावण्याआधी मी बांगड्या काढते, न चुकता काढते. फक्त त्याआधी घरात यांना हाक मारते. त्यांची ओ आली की मगच काढते. हल्ली ते अंथरुणाला खिळलेत, ओ यायला वेळ लागतो. तोवर मी मनगट धरून उभी असते.