रिकामी गव्हाण

नळदुर्ग, १८ डिसेंबर

चि. शमुवेल यास आईचा आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. दिव्यांच्या माळा सातशेच्या, केक साडेचारशेचा, नाचणारा सांताक्लॉज नऊशेचा. मागच्या नाताळला असाच सांताक्लॉज तू आणलास, तेव्हा "येशूच्या घरात बाजार नको, चालता हो," असं मी पाहुण्यांदेखत बोलले. तू न जेवता हैदराबादला गेलास. आता पुन्हा तोच पाठवलास, तो टोमणा आहे का माया, कळेना.

आपली रीत तुला ठाऊक आहे. चोवीस तारखेला घरातल्यांनी एकमेकांची माफी मागायची, मगच मातीचा बाळ येशू गव्हाणीत ठेवायचा. तू गेल्यावर मी कुणाचीच माफी न मागता तो ठेवला. रीत सांभाळणारीनंच रीत मोडली. हे चर्चच्या पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

यंदा तुझे पप्पा म्हणाले, "गव्हाण मांडलीस, बाळ कुठाय?"

"डब्यातच राहू द्या."

"लई कडक गं तू. लेकराला दोन ओळी लिहायला हात झिजतो व्हय?"

हे पत्र अठरालाच लिहायला घेतलंय, पण तीन दिवस झाले, ते बायबलातच आहे. पोस्टात टाकलं आणि तुझं उत्तर आलंच नाही तर?

शमू, मी चुकले. माफ केलंस का, एवढं उलटटपाली कळव.

तुझी आई,
मार्था